पुरंदरच्या आबा-आक्कांना, पर्वती पायथ्याहून

ती. आबा आणि ती. आक्का यांना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की आबा "त्यात काय एवढं" म्हणून कॅरेट उचलायला वळतात आणि आक्का तर शेतावरच असतात. म्हणून आमच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, जे बोलायचं ते लिहायचं आणि चारचौघांत लिहायचं. म्हणजे दुसऱ्या वस्त्यांमधल्या, सोसायट्यांमधल्या लोकांनाही कळेल की तुमच्या शेतातली भाजी थेट आमच्या वस्तीत आणून तुम्ही आमच्यासाठी काय केलंत आणि ते चालतं कसं.

एप्रिल २०२० मध्ये गुलटेकडीचं मार्केट यार्ड बंद झालं तेव्हा आमच्या घरातला दोन्हीकडचा पैसा थांबला. मिस्टर यार्डात हमाल. माझी धुण्याभांड्याची कामं, सोसायट्यांनी फाटकं लावली त्याच दिवशी सुटली. रेशनचे गहू-तांदूळ मिळाले, कुणाकुणाची किटं आली, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण किटात तांदूळ, डाळ, तेल, मीठ. पोरांच्या ताटात हिरवं पान नाही. आणि तिकडे पुरंदरला तुमची मेथी वाफ्यात फुलावर येत होती. आक्का, तुम्ही नंतर सांगितलंत, उभ्या कोथिंबिरीत रोटर फिरवताना तुम्ही घराबाहेर आला नव्हतात. तुम्हाला बघवलं नव्हतं.

आबांचा माल मिस्टर गाळ्यावर कितीतरी वर्षं उतरवत आले, तेवढीच आपली ओळख. त्या ओळखीवर आबांचा फोन आला : "तुमच्याकडं खाणारी तोंडं हायेत, माझ्याकडं माल हाय. मधी रस्ता तेवढा हाय. येऊ का घेऊन?" दुसऱ्या दिवशी बोपदेव घाट उतरून, कोंढव्यात पोलिसांना पास दाखवून टेम्पो आमच्या वस्तीच्या तोंडाशी आला. तिथं पत्रे ठोकलेले होते. पत्र्याच्या फटीतून जुड्या आत यायच्या, मुळांना ओली माती लागलेली. आमच्या सासूबाईंनी पहिली जुडी हातात घेतली आणि आधी वास घेतला, मग म्हणाल्या, "आज सकाळी उपटलीय."

सासूबाई बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून पुण्यात आल्या. खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेच्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. वस्तीतली निम्मी घरं अशीच सोलापूर, लातूर, धाराशिवकडची. म्हणजे आज जे भाजी विकत घ्यायला रांगेत उभे राहतात, ते मूळचे शेतकरीच. म्हणूनच त्या दिवशी आबा जे बोलले ते त्यांना लगेच पटलं. सगळ्यांना वाटलं होतं, भाजी फुकट वाटायला आणलीय. आबा म्हणाले, "फुकट एकदा देईन. पण मला दर आठवड्याला यायचंय. तुम्हाला झेपंल तो भाव सांगा." कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. उलट, गिऱ्हाईक म्हणून उभं राहता आलं याचा त्या दिवसांत केवढा आधार होता, ते आम्हालाच माहीत.

लॉकडाऊन उठल्यावर मदत करणारे आपापल्या कामाला लागले, ते साहजिकच होतं. तुमचा टेम्पो मात्र थांबला नाही. दर बुधवारी संध्याकाळी, बायका कामावरून परतायच्या वेळेला तो येतोच.

आता ज्यांना हे असंच करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. सोमवारी गटातल्या दोघी घरोघर जाऊन मागणी लिहून घेतात : मेथी किती, शेपू किती, टोमॅटो, वांगी, घेवडा, हंगामात वाटाणा. मंगळवारी दुपारी आबांना फोन जातो. जेवढी मागणी तेवढंच बुधवारी सकाळी काढायचं. त्यामुळे न खपलेला माल परत न्यायचा किंवा रस्त्यात टाकून जायचा प्रश्नच राहत नाही, आणि पालेभाजीत खरं नुकसान तिथंच असतं. वाकडी गाजरं, बारीक टोमॅटो, डाग पडलेली वांगी असा दोन नंबरचा माल वेगळ्या कॅरेटमध्ये, वेगळ्या भावानं. रश्शात वांगं गेलं की त्याचा डाग कोण बघतं? बाजारात तो माल भाड्यालाही महाग पडतो, इथं त्याचे पैसे होतात.

उधारीचंही नीट ठरलेलं आहे. कुणाचा पगार व्हायचा असेल, कुणी आजारी असेल, तर गटाच्या पेटीतून पैसे जातात आणि नाव गटाच्या वहीत लागतं. आबांना रोख मिळते, त्याच दिवशी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायांची निम्मी रक्कम गटच भरतो. यावर आमच्यात बरीच भांडणं झाली, पण गरिबाला भाजी मिळावी म्हणून शेतकऱ्यानं वाट बघायची, हे आम्हाला मान्य नव्हतं आणि नाही.

आणि भाव. पाडव्याला नि दिवाळीला आपण बसून भाव ठरवतो. पहिल्या बैठकीत आबांनी खिशातून घडी घातलेली पट्टी, म्हणजे यार्डातल्या विक्रीच्या हिशेबाचा कागद, काढून दाखवली. वर मालाची रक्कम, खाली भाडं, हमाली, तोलाई, आणि शेवटी जे उरलं ते पेंडीच्या एका पोत्यालाही पुरत नव्हतं. त्यातली हमाली म्हणजे माझ्या घरची चूल आहे, तिच्यावर बोट ठेवायला मी धजणार नाही, आणि आबांनीही कधी ठेवलं नाही. माथाडी कायदा १९६९ चा, त्यामागे हमालांनी किती वर्षं घासली आहेत ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुखणं वेगळंच आहे. आज भाव काय फुटेल हे ना माल पिकवणाऱ्याच्या हातात, ना ओझं उचलणाऱ्याच्या, ना खाणाऱ्याच्या. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे यार्डाबाहेर थेट विकायची मोकळीक झाली, पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजारही त्याच सुमारास सुरू झाले, ते चांगलंच झालं. पण आमच्या वस्तीच्या तोंडाशी असा बाजार कुणी भरवला नव्हता. तो तुम्ही भरवलात.

या ठरलेल्या भावाची परीक्षा २०२३ मध्ये झाली. जुलैत टोमॅटो किरकोळीला शंभराच्या पार गेला. यार्डात नेला असता तर आबांना एका कॅरेटमागे जे मिळालं असतं ते आमच्या बुधवारच्या सगळ्या जमेहून फार कमी नव्हतं. तरी आमच्या वाट्याचा टोमॅटो ठरल्या भावानं आला. गटानं स्वतःहून सांगितलं की आबा, या महिन्यात तरी वाढवून घ्या. त्यांनी थोडा वाढवला, तोही आम्ही बोललो म्हणून. मग सप्टेंबरात तोच टोमॅटो शेतकऱ्यांना रस्त्यावर ओतायची पाळी आली. हातगाडीवर मातीमोल मिळत होता. तेव्हा आमच्या एकाही बाईनं आबांकडे भाव पाडून मागितला नाही. सासूबाई वहीपाशी ठाण मांडून बसल्या होत्या आणि प्रत्येकीला सांगत होत्या, "जुलै आठव."

याचा ताटात काय फरक पडला तेही सांगायला हवं, कारण रेशन मिळतं म्हणजे भूक मिटली असं पुष्कळांना वाटतं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. हा फार मोठा आधार आहे. पण नुसत्या भातानं पोट भरतं, रक्त वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आमच्या वस्तीतल्या आशा कार्यकर्त्या ताईंना ते पाहणीतून कळायची गरज नव्हती, त्या रोज बघत होत्या. महागाई वाढली की घरात पहिली भाजी कमी होते, आणि आहे ती पोरांना आणि पुरुषांना वाढली की बाईच्या ताटात मिरचीचा ठेचा उरतो. बुधवारपासून निदान दोन-तीन दिवस आमच्या घराघरांत पालेभाजी शिजते आणि ती बाईपर्यंत पोचते. गरोदर पोरींना गट एक जुडी जास्त देतो. ती कल्पना आक्कांची.

पुण्याला हे रक्तातच आहे असं मला वाटतं. १८७७ च्या दुष्काळात जोतिराव-सावित्रीबाईंच्या सत्यशोधकांनी धनकवडीत पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, ना नफा ना तोटा. माझे मिस्टर तिथली झुणका-भाकर खाऊनच दिवस काढत आले. तुमचा टेम्पो आम्ही याच ओळीत धरतो. हे वाचून आबा रागावतील, रागावू देत.

आक्का, आता तुम्हाला. टेम्पो आबा चालवतात म्हणून वस्तीत नाव आबांचं होतं. पण पहाटे दवात वाकून मेथी उपटणं, निवडणं, जुडी बांधणं हे तुमचे हात करतात. गटातल्या पोरी तुमच्या रानात आल्या होत्या तेव्हा एकीनं जुडी बांधून बघितली, ती सारखी सुटत होती. तुम्ही तिच्या हातातून घेतलीत, दोन काड्या फिरवल्यात आणि पुढच्या जुडीला हात घातलात. त्या पोरीनं घरी येऊन आईला सांगितलं की मेथीची मुळं कापताना हात सावकाश चालव. तुमच्या कामाला पट्टीत रकाना नसतो. यंदा दिवाळीच्या बैठकीत भाव ठरवताना आक्कांची मजुरी धरूनच ठरवायचा, असा ठराव गटानं केला आहे. आबांना विचारलेलं नाही.

येत्या बुधवारी शेपू कमी आणा, मागच्या वेळी आम्हीच जास्त सांगितला. चाकवत असेल तर घाला, म्हाताऱ्या विचारत आहेत. आणि आक्कांना टेम्पोत पुढच्या सीटवर बसवूनच आणा. जेवण आमच्याकडे आहे.

तुमच्या,
बचत गटातल्या सगळ्या जणी
पर्वती पायथा, पुणे