परिचय नंतर लिही, आधी नावाचं बघ

प्रिय ज्ञानदा,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू बाणेरच्या को-वर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं भाड्याने टेबल घेऊन बसतात तिथे बसणार, काम सॉफ्टवेअरचं, कंपनी बंगळुरूची, आणि टीममधल्या निम्म्या माणसांची तुझी प्रत्यक्ष गाठ कधी पडेल ते सांगता येत नाही. लिंक्डइनवर स्वतःबद्दल काय लिहू, असं तू विचारलंस. माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. अशा कामात माणूस ओळखला जातो तो त्याने लिहिलेल्या परिचयावरून फारसा नाही. यंत्रं त्याच्या नावावर गुपचूप काय नोंदवत जातात आणि चारचौघांत तो कसं विचारतो, कसं उत्तर देतो, यावरून त्याचं नाव होतं. परिचय उद्या बदलता येईल, नोंदी बदलणं कठीण. म्हणून आधी नोंदींचं बघू.

पहिलं, स्पेलिंग. तुझ्या नावातच 'ज्ञ' आहे. रोमन लिपीत कोणी तो डी-एन-वाय असा लिहितं, कोणी जी-वाय, कोणी जे-एन. पासपोर्टवर जे आहे ते धर आणि सगळीकडे तेच वापर, नाहीतर तुझं काम शोधणाऱ्याला तीन वेगळ्या ज्ञानदा सापडतील. कंपनीची खाती कागदपत्रांवरून उघडतात, त्यामुळे स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या निरोपांच्या अ‍ॅपवर, बाबांच्या नावासकट तिन्ही नावं येतील. तिथे दिसण्याचं नाव वेगळं ठेवता येतं, ते पहिल्याच दिवशी नाव आणि आडनाव असं दोनच शब्दांचं कर. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही ते तेव्हा तू ठरवशील, पण कामाचं नाव तेव्हाही हेच ठेवलंस तर पुष्कळ त्रास वाचेल. का, ते गिटमुळे कळेल. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन.

गिटमध्ये प्रत्येक कमिटसोबत, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलासोबत, नाव आणि ईमेल कायमचं लिहिलं जातं. तेही दोनदा: एकदा ज्याने बदल केला त्याचं आणि एकदा ज्याने तो नोंदवला त्याचं. बहुतेक वेळा दोन्ही माणसं एकच असतात, पण तुझा पॅच, म्हणजे तू पाठवलेला बदल, दुसऱ्या कोणी घेतला की लेखक तू आणि नोंदवणारा तो. कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची खूण, या सगळ्या मजकुरावरून निघतो. म्हणजे नावातलं एक अक्षर बदललं की त्या कमिटचा हॅश बदलतो आणि त्याच्यापुढच्या प्रत्येक कमिटचाही. पन्नास जणांनी आपापल्या मशीनवर उतरवून घेतलेला इतिहास तुझ्या एका स्पेलिंगसाठी कोणी नव्याने लिहू देणार नाही. त्यावर 'मेलमॅप' नावाची फाइल हा एक तोडगा आहे. जुनं नाव-ईमेल आणि नवं नाव-ईमेल अशी जोडी तिच्यात लिहिली की यादीत नवं नाव दिसतं. सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखंच ते: नवी नोंद लागते, जुनी मात्र दप्तरात राहतेच.

त्यामुळे नवा लॅपटॉप हातात आला की कोडला हात लावण्याआधी गिटच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, नाव आणि ईमेल भर. ते भरलं नाही तर गिट एक तर अडून बसतं किंवा मशीनच्या लॉगिनवरून आणि मशीनच्या नावावरून स्वतःच अंदाज बांधतं, आणि मग तुझ्या पहिल्या आठवड्याच्या कामावर कसलातरी भलताच पत्ता चिकटतो. गिटहब, म्हणजे गिटमधला कोड जिथे ठेवतात ती वेबसाइट, कमिट कोणाचं हे ईमेलवरून ठरवते. तो ईमेल तुझ्या खात्यात जोडलेला नसेल तर कमिटसमोर तुझं प्रोफाइल येत नाही, नुसतं नाव दिसतं. पहिलं कमिट केल्यावर गिट लॉग, म्हणजे कमिटांची यादी, 'फुलर' स्वरूपात एकदा काढून बघ, लेखक आणि नोंदवणारा दोन्ही दिसतात. पुश करायच्या, म्हणजे कमिट सगळ्यांच्या सर्व्हरवर पाठवायच्या आधी चूक सापडली तर शेवटचं कमिट दुरुस्त करता येतं. पुश झाल्यावर ती चूक सगळ्यांची होते.

गिटहबचं खातं कंपनीच्या ईमेलवर उघडू नकोस. नोकरी सुटली की तो ईमेल बंद होतो, आणि पासवर्ड विसरलीस तर खातंही जातं. आपल्या खासगी ईमेलवर एकच खातं ठेव आणि कंपनीचा ईमेल त्यात दुसरा म्हणून जोड. एका खात्यात अनेक ईमेल चालतात. खासगी पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर सेटिंगमध्ये ईमेल लपवण्याची सोय आहे. मग गिटहब आकडा आणि युजरनेम मिळून बनलेला एक 'नो-रिप्लाय' पत्ता देतं, तो कॉन्फिगमध्ये टाक. त्याच्याच खाली खरा पत्ता उघड करणारा पुश अडवण्याचा पर्याय आहे, तोही सुरू कर. नुसता पहिला केला आणि कॉन्फिगमध्ये जुनाच ईमेल राहिला तर लपवण्याचा काही उपयोग नाही. ऑफिसचं आणि घरचं काम एकाच मशीनवर करणार असशील तर दोघांचे फोल्डर वेगळे ठेव आणि कॉन्फिगमध्ये 'इन्क्लूड-इफ'ची अट घाल: या फोल्डरात असेन तर हा ईमेल, त्या फोल्डरात तो. 2017 पासून गिटमध्ये ही सोय आहे, तरी लोक अजून हाताने बदलतात आणि विसरतात.

आणखी एक. गिटमध्ये कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतं, तपासणी नसते. तुझ्या नावाने कोणी कमिट केलं तर ते दिसायला तुझंच. म्हणून कमिटवर डिजिटल सही लागते. पूर्वी त्यासाठी जीपीजी या वेगळ्या साधनाची खटपट करावी लागे. 2021 पासून सर्व्हरवर लॉगिन करायच्या रोजच्या एसएसएच किल्लीनेही सही करता येते. ती किल्ली गिटहबवर सहीची किल्ली म्हणून वेगळी नोंदवावी लागते. लॉगिनसाठी आधीच दिली आहे म्हणून चालत नाही, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं अडतं.

खऱ्या नावाचा आग्रह धरावा का, यावर मतं वेगवेगळी आहेत. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, 2004 पासून प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं तिने लिहून दिलं जातं. तिथे टोपणनाव चालणार नाही असा नियम बरीच वर्षं होता. 2023 मध्ये तो सैल झाला: नाव ओळखीचं हवं, निनावी मात्र नको. मला हे पटतं. कागदोपत्रीचं नाव कुठलं यापेक्षा त्या नावामागे सतत तेच माणूस आहे का, हे महत्त्वाचं.

गिटहबच्या प्रोफाइलवर रोजचं काम दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांकडे मात्र फार बघू नकोस. त्यांत मुख्य शाखेत गेलेली कमिटं मोजली जातात, फोर्कमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आपल्या वेगळ्या प्रतीत, पडून राहिलेली नाहीत. खासगी कामाचा आकडा तू सेटिंग बदलेपर्यंत कोणाला दिसत नाही. शुद्धलेखनाची एक चूक आणि महिनाभर छळलेला बग यांना तिथे सारखीच किंमत. सलग किती दिवस काम केलं याचा आकडा पूर्वी प्रोफाइलवर दिसायचा. लोक तो मोडू नये म्हणून रविवारी रात्री कसलंतरी कमिट ढकलायचे. 2016 मध्ये गिटहबने तो काढून टाकला, बरं केलं.

आता जागेचं. को-वर्किंगमध्ये रोज मिळेल त्या टेबलावर बसणारी माणसं आणि ठरलेलं टेबल घेतलेली माणसं अशा दोन जाती लगेच दिसतील. पहिले दोन महिने शक्य असेल तर ठरलेलं टेबल घे. रोज नव्या शेजाऱ्याला 'तुम्ही काय करता' हे सांगण्यात माणूस दमतो आणि मग हेडफोन घालून बसतो. तिथे तू तोंड उघडण्याआधीच तुझी उपकरणं बोलतात. लॅपटॉपचं आणि फोनचं नाव वाय-फाय आणि ब्लूटूथवर आजूबाजूच्यांना दिसतं. काही उपकरणांत ते आपोआप तुझ्या नावावरून ठेवलेलं असतं, ते बदल. एअरड्रॉप ही अ‍ॅपलची फाइल पाठवायची सोय वापरत असशील तर फक्त संपर्कातल्यांसाठी ठेव. चहाचे पैसे वाटून घेताना यूपीआयवर बँकेतलं पूर्ण नाव जातं, त्याला इलाज नाही, पण आयडीमध्ये मोबाइल नंबर असेल तर दुसरा आयडी बनवता येतो. तिथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरलीस की नंबर सगळ्यांकडे गेला असं समज; आधी प्रोफाइल फोटो आणि 'अबाउट' फक्त संपर्कातल्यांना दिसेल असं कर. प्रिंटरवर कागद सोडून येऊ नकोस, आणि ग्राहकाचं नाव घ्यावं लागेल असा कॉल फोन बूथमध्येच कर.

स्लॅकवर नाव होतं ते उत्तरांमुळे होतं तसंच प्रश्नांमुळेही. नवी माणसं वरिष्ठाला खासगीत विचारतात, कारण चारचौघांत अडाणी दिसायची भीती. त्यात तोटा तुझाच: उत्तर एकालाच माहीत राहतं, आणि तू काय करते आहेस हे बाकीच्यांना कळत नाही. चॅनेलवर, म्हणजे टीमच्या सामाईक गटात विचार. काय करायचं होतं, काय करून पाहिलं, यंत्राने दाखवलेला एररचा संदेश जसाच्या तसा, फोटो नको, अक्षरं डकव म्हणजे पुढे शोधता येतील. प्रश्न सुटला की त्याच धाग्यात कसा सुटला ते लिही. 'झालं, थँक्स' एवढंच लिहून पसार होणाऱ्यांचा पुढच्या माणसाला काही उपयोग नसतो आणि त्याला ते लक्षातही राहतं. नुसते 'हाय' टाकून समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बसू नकोस. हिरवा ठिपका पेटता ठेवण्यासाठी माउस हलवत बसणारी माणसं आहेत. त्यांच्याबद्दल टीम काय बोलते ते त्यांना कधीच कळत नाही. आणि खासगी निरोप खासगी असतात असं मानू नकोस. ते खातं कंपनीचं आहे. स्लॅकची घेतलेली योजना आणि कंपनीचं धोरण यांनुसार तिला ते बाहेर काढता येतात.

तुला मराठी विकिपीडियावर लिहायचं आहे, तेही जरूर लिही. 1 मे 2003 पासून ते चालू आहे आणि तिथे माणसं नेहमीच कमी पडतात. तिथला हिशेब गिटपेक्षा वेगळा. लेखावर तुझं नाव येत नाही, ते फक्त इतिहासाच्या पानावर असतं. खऱ्या नावाची सक्ती नाही, आणि वादाच्या विषयांवर लिहिणार असशील तर टोपणनावच बरं. एकच सदस्यनाव सगळ्या भाषांच्या विकिपीडियांवर चालतं, म्हणून ते गमतीत ठेवू नकोस. नाव बदलून मिळतं, पण चर्चापानांवरच्या जुन्या सह्या तशाच राहतात. सुरुवात धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर कर. प्रत्येक बदलाखाली सारांश लिही. मोकळा सारांश आणि मोठा बदल दिसला की जुने सदस्य आधी संशयाने बघतात. इंग्रजी लेखावरून भाषांतर केलंस तर सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यावा लागतो, परवान्याची ती अट आहे. तुझ्या कंपनीबद्दलच्या लेखाला हात लावू नकोस. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर केलंच पाहिजे असा नियम 2014 पासून आहे, आणि दुसऱ्या खात्यातून स्वतःलाच पाठिंबा देताना सापडलेल्या माणसाची दोन्ही खाती अडवली जाऊ शकतात.

राहता राहिलं लिंक्डइन. मथळ्यात काय काम करतेस ते साध्या शब्दांत लिही, 'उत्साही' आणि 'ध्येयवेडी' वगळ. नावाचा उच्चार दहा सेकंदांत रेकॉर्ड करून ठेवण्याची सोय आहे. बंगळुरूच्या मीटिंगमध्ये 'ज्ञ'चं काय होतं ते ऐकशील तेव्हा तिची किंमत कळेल. देवनागरीतलं नाव परिचयात घाल. मुख्य नाव रोमनमध्येच राहू दे, नाहीतर शोधणाऱ्याला टाइप करता येणार नाही.

कंपनीतली खाती नोकरीबरोबर जातात, म्हणून दर शुक्रवारी स्वतःच्या वहीत चार ओळी लिही: काय सुटलं, कोणी मागितलं होतं, तू नेमकं काय केलंस, परिणाम काय. कोड किंवा ग्राहकाचं नाव त्यात नको. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात बाकीचे आठवत बसतात तेव्हा तुझ्याकडे लिहिलेलं असेल.

शेवटचं, करार. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनीच. कलम 57 प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे गेले तरी 'हे मी केलं' असं सांगण्याचा लेखकाचा हक्क उरतो. पण काही करारांत रात्री घरी बसून केलेलं कामही कंपनीचं, असं वाक्य असतं. ते असेल तर मुक्त प्रकल्पांसाठी लेखी परवानगी आधी माग, ईमेलवर, तोंडी नको. कराराची प्रत रात्री मला पाठव, मी ते कलम बघून ठेवते.

तुझी,
आई