सर्जेरावांचा रफार परत मिळवून देणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहितोय म्हटल्यावर तुमचा भाचा हसला. "मावशीचा चष्मा सापडेपर्यंत दुपार होईल, मीच वाचून दाखवतो," म्हणाला. मग म्हटलं, मोठ्यानं वाचलं जाणारच आहे तर सगळ्यांसमोरच लिहावं. दुकानातल्या माणसांसाठी किंवा मंडळासाठी मशीनच्या भरतकामानं नाव-चिन्ह घातलेले शर्ट करून घेणारे पुष्कळ असतात, आणि माझ्यासारखेच फसतातही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो गुडघ्यावर आलेला माणूस होतो. मिसळीच्या दुकानाला पंचवीस वर्षं होत होती, आठही जणांना कॉलरवाले गडद निळे टी-शर्ट करायचं ठरलं. छातीवर डावीकडे आमचं चिन्ह, म्हणजे कटानं भरलेली वाटी आणि वर वाफेच्या तीन रेघा. उजवीकडे ज्याचं त्याचं नाव, मराठीत. ज्यांच्याकडे काम दिलं त्यांनी विचारलं, "स्टिच कुठला टाकू?" मी म्हणालो, "चांगला टाका. भरगच्च." यात त्यांची जेवढी चूक तेवढीच माझी. मिसळीत फरसाण भरगच्च असलेलं चालतं, शर्टावर चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शर्ट आले तेव्हा झकास दिसत होते. पहिल्या धुण्यात घोळ झाला. चिन्हाभोवती कापडाला अशा चुण्या पडल्या की शंकरच्या छातीवर कुणी उडदाचा पापड भाजून चिकटवलाय असं वाटावं. आणि नावं! 'शंकर'वरचा अनुस्वार शिरोरेषेत बुडाला, तो झाला 'शकर'. 'कृष्णात'चा ऋकार म्हणजे नुसती गाठ. सर्जेरावांच्या 'र्जे'वर मात्रा आणि रफार एकमेकांत अडकून दोऱ्याचा गोळा झालेला. मामा वीस वर्षं आमच्याकडे कट करतात. आरशात बघून म्हणाले, "मालक, ह्यो कोण सजेराव? त्येला पगार कोण देतंय?"

उसवता येईल का एवढंच विचारायला मी मंगळवार पेठेत तुमच्या दारात आलो. बायकोच्या साड्यांना फॉल-पिको तुमच्याकडे होतो, एवढीच ओळख. तुम्ही शर्ट हातात घेतलात आणि तो सरळ बघितलाच नाहीत. आधी उलटा केलात. मागच्या बाजूवरून अंगठा फिरवत म्हणालात, "पाठ बघावी रे आधी. पुढनं सगळेच बरे दिसतात."

मग कसुतीच्या भरतकामाचं सांगितलंत. तुमचं आजोळ धारवाडकडचं, आजी इरकलीच्या पदरावर कापडाचे दोरे मोजून गोपुरं आणि हत्ती काढायची. गाठ मारायची नाही, आणि गवंती टाका असा घालायचा की पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली ते ओळखू येऊ नये. मशीनचं तसं नसतं, तिथे खाली बॉबिनचा पांढरा दोरा असतो. पण तिथंही पाठ खोटं बोलत नाही. सॅटिनच्या, म्हणजे शेजारी-शेजारी दाट घातलेल्या आडव्या टाक्यांच्या पट्टीमागे रंगीत, पांढरा, रंगीत असे साधारण तीन सारखे भाग दिसले तर ताण बरोबर. माझ्या शर्टामागे पांढरं जवळजवळ नव्हतंच. वरचा दोरा ढिला, त्यावर टाक्यांची दाटी, आणि मागे आधाराला लावलेला कागद फाडून काढण्यातला. विणीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाला तो कागद पुरत नाही. धुण्यात त्याचा भुगा झाला आणि टाक्यांनी कापड आपल्याकडे ओढून घेतलं. दोन मिनिटांत तुम्ही हे सांगितलंत आणि वर म्हणालात, "उसवू नको. भोकं राहतील. हे शर्ट घरात घालायला दे, आणि नवे करताना मला ने."

नेलं. उद्यमनगरात भाच्याच्या मशीनवर तुम्ही पंचिंग करणाऱ्या, म्हणजे चित्राचे टाके मशीनसाठी कॉम्प्युटरवर बसवणाऱ्या पोराशेजारी स्टूल टाकून बसलात, आणि ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. पोरगं हुशार होतं, पण सगळं चित्र एकाच टाक्यानं भरायला निघालं होतं. तुम्ही त्याला अडवून मला विचारलंत, "ही रेघ किती जाड आहे?" मला कुठलं माहीत! तुम्ही पिशवीतून टेप काढलीत. "टाका आपण निवडत नाही. रेघेची जाडी निवडते. आधी मोज, मग बोल."

वाफेच्या रेघा निघाल्या मिलिमीटरहून बारीक. तिथं सॅटिन घातलं तर सुई त्याच त्या जागी टोचत राहते आणि कापड कुरतडतं, म्हणून रनिंग, तेही एक पाऊल पुढं, एक मागं, परत पुढं असं तिहेरी. पोरानं त्याला 'बीन' म्हटलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपला धावदोराच की, जरा दमानं चाललेला." वाटीची कड तीन मिलिमीटर, तिथं सॅटिन, म्हणजे तुमचा भरीव टाका. आणि आतला लालभडक कट? तो एवढा रुंद की सॅटिन घातलं असतं तर लांब लांब दोरे सुटे राहिले असते. आमच्याकडं सारखं भांड्याच्या कानात नाहीतर टेबलाच्या खिळ्यात काहीतरी अडकतं, आठवड्यात धागे ओढले गेले असते. म्हणून तिथं टाटामी. पडद्यावर ते मोठं करून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो विटांच्या भिंतीसारखा असतो, प्रत्येक ओळीचा सांधा वरच्या ओळीपासून सरकवलेला. ओळी तिरक्या घ्यायला लावल्यात तुम्हीच. आता उजेडात वाटीची कड वेगळी चमकते आणि कट वेगळा. रंग मात्र तोच.

सगळ्यात मोठा उपकार म्हणजे तुम्ही मागची पिवळी तबकडी काढायला लावलीत. चिन्हामागे नऊ सेंटीमीटरचं गोल भरलेलं होतं. माझा जीव तुटत होता, मुलानं हौसेनं काढलेलं. तुम्ही म्हणालात, "शर्टाला कापड आहे ना? मग परत दोऱ्याचं कापड कशाला विणतोस?" सतरा हजार टाक्यांचं काम सहा हजारांवर आलं. मिनिटाला सातशेच्या वेगानं आधी एका शर्टाला चोवीस मिनिटं लागली असती, आता नऊसुद्धा नाहीत. पैसे हजार टाक्यांमागे मोजतात, हेही मला त्याच दिवशी कळलं. म्हणजे आधी मी पापडासाठी जादा पैसे मोजले होते.

नावांशी मात्र तुम्ही खरी कुस्ती केलीत. इंग्रजी अक्षर पाच-सहा मिलिमीटरचं असलं तरी वाचता येतं, म्हणून पोरानं आमचीही नावं तेवढीच घेतली होती. पण त्या सहातच वरची मात्रा आणि खालचा उकार! तुम्ही हिशेब बदललात. मात्रा-वेलांटी सोडून नुसतं अक्षर नऊ मिलिमीटर, बाकीच्यांना वर-खाली हक्काची जागा. बारीक भागांना साध्या चाळीस नंबरऐवजी साठ नंबरचा बारीक दोरा आणि सुईही बारीक. अनुस्वार कागदावर दिसतो त्याहून मोठा, पावणेदोन मिलिमीटरचा, कारण टाके ओढले गेले की तो आक्रसतो. आणि शिरोरेषा! ती प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्यातुकड्यानं घातली जात होती. कापड जरा सरकलं की दोन तुकड्यांमध्ये फट, पडक्या कंपाउंडसारखी. तुम्ही आधी सगळी अक्षरं उभी करायला लावलीत आणि शेवटी एका दमात आडवी रेघ ओढलीत. सॅटिन रुंदीला आक्रसतं आणि टोकांना पुढं सरकतं, म्हणून ती हवी त्याहून जाड आणि लांबीला केसभर कमी घेतली. आपण पाटीवर अक्षर लिहायला शिकलो तेव्हाही रेघ शेवटीच मारायचो, नाही का?

मागचं बॅकिंग, म्हणजे त्या आधाराच्या कागदाच्या जागी, फाडून नव्हे तर कात्रीनं कापून काढायचं घेतलं, कडेला अर्धा सेंटीमीटर ठेवून. ते छातीला टोचू नये म्हणून आतून मऊ अस्तर इस्त्रीनं चिकटवलं. खड्ड्या-खड्ड्यांच्या कापडात बारीक टाके बुडू नयेत म्हणून वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवली. दोरा रेयॉनचा जास्त झळकतो, मला तोच आवडला होता. तुम्ही एकच प्रश्न केलात, "कटाचे डाग कशानं काढतोस?" ब्लीचनं. मग पॉलिस्टर. विषय संपला.

काकू, तीन महिने झाले, शर्ट रोज धुतले जातात. चुणी नाही. गिऱ्हाइकं नावानं हाका मारतात, आणि सर्जेरावमामा शर्ट घालताना अजून एकदा अंगठा फिरवून रफार जागेवर आहे का बघतात. तुम्ही पैसे घेतले नाहीत. "एक मिसळ दे, कट वेगळा," एवढंच म्हणालात, आणि तेवढीही खायला अजून आला नाहीत.

आता एक अडचण आहे. सोमवारपासून नवा पोरगा लागलाय, नाव हर्षवर्धन. दोन रफार. जागा तेवढीच. भाच्याला म्हटलं कर, तर म्हणतो मावशीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. गुरुवारी दुकान बंद असतं, मी रिक्षा घेऊन अकराला येतो. टेप तेवढी बरोबर घ्या.

तुमचा,
मिसळवाला