जबड्यातून आलेली कानाची हाडे

महोदय,

किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या मृत देवमाशांविषयीच्या आपल्या पुरवणीतील लेखात, सस्तन प्राण्यांच्या मध्यकर्णातील तीन हाडे ‘नव्याने निर्माण झाली’ असे म्हटले आहे, ते बरोबर नाही. घोरपडीच्या किंवा कोंबडीच्या मध्यकर्णात एकच हाड असते. मात्र त्यांच्या जबड्याच्या सांध्यात जी दोन हाडे असतात, तीच सस्तन प्राण्यांत हातोडा आणि ऐरण या नावांची मध्यकर्णातील हाडे बनून कानात आली. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल राइशर्ट यांनी 1837 मध्ये डुकराच्या भ्रूणांवरून हे दाखवले होते, आणि ऑपॉसम या कांगारूच्या गटातील अमेरिकी प्राण्याच्या नवजात पिल्लात तर हातोडा खालच्या जबड्याच्या कूर्चेला जोडलेलाच असतो. हा सुंदर पुरावा लेखात यायला हवा होता. किनाऱ्यावर देवमासा पुरण्यापूर्वी त्याच्या कानाची अतिशय घन हाडे काढून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला अभ्यासासाठी देण्याची सोय वन विभागाने करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– प्राणिशास्त्राचा एक शिक्षक, मालवण