बालेस्ट्रांडला एकटीने जाऊन आले

बर्गन, नॉर्वे, जून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मी एकटीच बोटीने बालेस्ट्रांड गावाला जाऊन आले म्हणून काल फोनवर तू चिडलास. शनिवारी ताईला सुट्टी होती, दोन दिवस थांबता आलं नसतं का, म्हणालास. थांबता आलं असतं रे. पण मला एकटीलाच जायचं होतं. ताई बरोबर असली की ती मला सांभाळते. शाल घेतलीस का, दमलीस का, इथे बस, तिथे बघ. तिची माया मला कळते. तरी इथे आल्यापासून जे पाहिलं ते सगळं तिने दाखवलेलं, आणि एक दिवस तरी माझ्या मनाने, माझ्या चालीने काहीतरी बघावं असं फार वाटत होतं. भावोजींनी बोटीचं वेळापत्रक समजावून दिलं, ताईने डबा दिला, आणि सकाळी आठच्या बोटीने मी निघाले.

ही सहलीची बोट नव्हती, म्हणूनच मी ती निवडली. सोग्नेफियोर्ड म्हणजे डोंगरांमधून लांब आत शिरलेली समुद्राची खाडी, तिच्या काठावरच्या गावांची ती रोजची बोट आहे. ६७ वर्षांवरच्यांना तिकीट अर्धं. पासपोर्ट दाखवायला काढला, तर तिकीट देणाऱ्या मुलीने हसून मान हलवली. आपल्या एसटीत अर्धं तिकीट मागतो तितकंच सहज झालं ते. बोटीत पाठीवर पिशव्या घेतलेली मुलं होती, सायकली होत्या, आणि मागच्या बाजूला पत्ते चिकटवलेली खोकी रचून ठेवलेली होती. पोस्टात आयुष्य गेलं माझं, माझी नजर आधी त्या खोक्यांवरच गेली. प्रत्येक धक्क्याला कोणीतरी खोकं घ्यायला उभं असायचं. खलाशी खोकं हातात द्यायचा, दोन शब्द बोलायचा, आणि बोट सुटायची.

सुरुवातीला बोट बेटांमधून उत्तरेला जाते. पाऊस होताच. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बारा महिने रिमझिमतो. मग बोट पूर्वेला वळून फियोर्डमध्ये शिरते. हा फियोर्ड समुद्रापासून आत २०० किलोमीटरच्या वर गेलेला आहे, नॉर्वेतला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत खोल. बर्फयुगात हिमनद्यांनी ही दरी कोरली. आतल्या बाजूला बर्फाचा थर जाड, म्हणून तिथे तळ १३०० मीटरच्या आसपास खोल गेला. समुद्राजवळ बर्फ पसरून पातळ झाला, त्याचा जोर संपला, म्हणून तोंडाशी तळ पुन्हा वर आलेला. म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या किनाऱ्यालगतच्या समुद्राहून कितीतरी खोल! हे मी शाळेत कधीतरी शिकले असेन, पण त्या पाण्यावर बसून विचार केला तेव्हा छातीत धडधडलं.

तुझ्या कामाचं एक सांगते. वाटेत लाविक नावाचं गाव लागतं. तिथून समोरच्या ओप्पेडालला गाड्या नेणारी फेरीबोट जाते, आपल्या दाभोळ-धोपाव्यासारखी. पूर्णपणे बॅटरीवर चालणारी जगातली पहिली मोटारफेरी २०१५ मध्ये याच ठिकाणी सुरू झाली, तिचं नाव अँपियर. गंमत पुढेच आहे. गावातली वीजवाहिनी छोटी, बोटीला थोड्या मिनिटांत एवढी वीज द्यायची म्हणजे गावावर ताण यायचा. म्हणून दोन्ही धक्क्यांवर मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. त्या हळूहळू भरत राहतात आणि बोट आली की आपली वीज तिला देतात. हे भावोजींनी आदल्या रात्री सांगितलं होतं. मला तेव्हाच तुझी आठवण झाली, तुमच्या वीज खात्यात रोज तुम्ही हाच भाराचा प्रश्न सोडवत असता.

माझ्या शेजारी एक आजी होत्या, माझ्याहून वयाने थोड्या मोठ्याच. त्या वीक गावी बहिणीकडे निघाल्या होत्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं छान जमलं. मी एकटी आले याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की परतीच्या बोटीची वेळ नीट पाहिली आहेस ना. वीकला गामालोस्त नावाचं जुन्या पद्धतीचं चीज करतात, ते फार उग्र असतं, हे त्यांनी नाक मुरडून दाखवलं. तिथे १२व्या शतकातलं लाकडी चर्चही आहे. धक्क्यावर त्यांची बहीण छत्री घेऊन उभी होती.

आता मनात राहिलेली गोष्ट लिहिते. फियोर्डचा कडा वर जसा सरळ उभा आहे तसाच तो पाण्याखालीही उतरत जातो. काठापासून हातभरावर पाणी खोल. म्हणून बोट थेट गावाच्या धक्क्याला लागते, फळी पडते, म्हातारी माणसंसुद्धा कोरड्या पायांनी उतरतात. मला हर्णै आठवलं. लहानपणी मुंबईहून आगबोटीने यायचो, तेव्हा बोट लांब नांगरायची. मग पडावात उतरायचं, लाटेवर पडाव वरखाली होत असताना कुणीतरी दंड धरायचं, आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून किनारा. आजी दर वेळी देवाचं नाव घ्यायची. पावसाळ्यात तर बोटच बंद. इथे समुद्रावरून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे थंडीतही पाणी गोठत नाही, बोट बारा महिने चालते. आपला किनारा उथळ, आपला पावसाळा दांडगा, हे सगळं मला मान्य आहे. तरी बोट गेली तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांचं जे गेलं त्याचं मला काल फार वाईट वाटलं. रस्ता आला, रेल्वे आली, पण बंदरावर रोज जी माणसं जमायची ती पांगली.

दुपारी बाराच्या सुमारास बालेस्ट्रांड आलं. हजाराच्या आतली वस्ती, पाठीमागे माथ्यावर बर्फ असलेले डोंगर, काठाने सफरचंदाच्या बागा. पाऊस थांबला होता. धक्क्याजवळच ते मोठं लाकडी हॉटेल आहे, क्विक्नेस, १९१३ सालची इमारत. जर्मनीचा कैसर विल्हेल्म कितीतरी उन्हाळे आपलं जहाज घेऊन इथे यायचा. जुलै १९१४ मध्येही तो इथेच होता. तारांवर तारा येऊ लागल्या आणि तो घाईने परत गेला. थोड्याच दिवसांत पहिलं महायुद्ध पेटलं. आयुष्यभर तारा हाताळलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते तू समजू शकशील. इतक्या शांत गावात तसली तार घेणारा तारमास्तर कोण असेल, याचाच मी विचार करत होते.

सगळ्यांत जास्त वेळ मी सेंट ओलाफच्या छोट्या चर्चमध्ये बसले. मार्गारेट ग्रीन नावाची इंग्रज धर्मगुरूची मुलगी डोंगर चढायला या भागात आली, क्विक्ने घराण्यातल्या क्नूटशी तिचं लग्न झालं आणि ती इथलीच झाली. आपल्या पद्धतीची प्रार्थना करायला इथे एक चर्च असावं अशी तिची इच्छा होती. १८९४ मध्ये क्षयाने ती गेली. नवऱ्याने १८९७ मध्ये चर्च उभं केलं, प्रार्थना इंग्रजांची पण बांधणी नॉर्वेच्या जुन्या लाकडी चर्चची, छपरावर ड्रॅगनची तोंडं. अजूनही उन्हाळ्यात तिथे इंग्रजीत प्रार्थना होते. परक्या मुलखात लग्न करून राहिलेली मुलगी म्हटल्यावर मला आपली ताईच दिसली. ताई सुखात आहे, घाबरू नकोस. पण तिला तिच्या देवाधर्माचं, सणावारांचं काहीतरी इथे हवं असतं, आणि भावोजी ते मनापासून करतात. गेल्या गणपतीला त्यांनी स्वतः मखर केलं होतं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. काल घरी आल्यावर बोलले.

डबा बाहेर बाकावर बसून खाल्ला. थालीपीठ गार झालं होतं, पण चांगलं लागलं. मग काठाकाठाने चालले, जुने लाकडी बंगले पाहिले, वॉफल आणि तपकिरी गोड चीज खाल्लं. कोणी घाई केली नाही. पाचच्या सुमारास परतीची बोट आली. घरी पोचायला रात्र झाली, पण जूनमध्ये इथे अकरापर्यंत उजेड असतो.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही सगळे याल तेव्हा एकदा मिळून जा. जाताना डावीकडची खिडकी धर, बालेस्ट्रांड त्याच अंगाला येतं. मागे उघड्यावर उभं राहायला जागा आहे, मुलांना कानटोप्या घाल. आणि मग एक दिवस मुलं तू सांभाळ आणि सूनबाईला एकटीला पाठव. तिला फोन करून कुठपर्यंत पोचलीस ते विचारत बसू नकोस. हे मी गंभीरपणे सांगते आहे.

भाताचा पेरा कसा उगवला आहे ते कळव. बाबांना हे पत्र सावकाश वाचून दाखव आणि रात्रीची गोळी घेतात ना ते बघ.

तुझी,
आई