शिराळ्याच्या सर्पमित्र काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या बॉल पायथननं, म्हणजे आम्ही पाळलेल्या आफ्रिकी अजगरानं, उंदीर खाल्ला. फोनवर सांगितलंच आहे, पण तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत.

दिवाळीनंतर त्यानं खाणं सोडलं आणि थंडी सरत आली तरी तोंड लावेना. जो तो म्हणायचा, जबडा उघडून घास कोंब, नाहीतर हातचा जाईल. आईची झोप उडाली होती. तुम्हाला फोन केला, तर तुमचा पहिला प्रश्न, "सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे का?" आहे म्हटल्यावरच पुढं बोललात. नाग, धामण, आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि या परदेशी पाहुण्याचीही नोंद लागतेच. तिथं तुम्ही सूट दिली नाहीत, म्हणूनच तुमच्या पुढच्या शब्दावर माझा विश्वास बसला.

दुसरा प्रश्न वजनाचा. काट्यावर ठेवला, फारसं उतरलं नव्हतं. "मग तोंडाला हात लावू नगंस, पोरी. त्याला त्याची भूक कळती."

काका, या एका वाक्यानं तो वाचला असं मी मानते. आफ्रिकेतला हा साप. मोठा नर जोडीच्या हंगामात कित्येक महिने उपाशी राहूनही ठणठणीत असतो, हे मला तुमच्याकडून कळलं. कोंबून भरवलं तर अन्ननलिकेला इजा होते, भेदरलेला साप ओकून टाकतो आणि खाणं आणखी लांबतं. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तोंडात चिकटा दिसला किंवा श्वासाला आवाज आला, तर मात्र थेट डॉक्टर गाठायचा, हेही तुम्ही बजावलंत.

मग पेटीकडं वळलात. एक बाजू 32 अंशांच्या आसपास, दुसरी 26, थर्मोस्टॅट लावलेलाच हवा. अंगात ऊब नसेल तर सापाला अन्न पचत नाही. दोन्हीकडं लपायला जागा, तीही अंगाला घासेल इतकी अरुंद. गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये वितळवून, पिशवीसकट गरम पाण्यात ठेवायचा, कारण याच्या ओठांवरच्या खड्ड्यांना भक्ष्याची ऊब कळते. गार उंदीर त्याला शिकार वाटतच नाही. जिवंत उंदीर टाकायचा नाही, तो सापालाच चावतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले की काही द्यायचं नाही. रात्री, दिवा मालवून, लांब चिमट्यानं. नाही घेतला तर काढून घ्यायचा आणि दहा-पंधरा दिवस त्याच्या वाटेला जायचं नाही. मला सगळ्यात अवघड हेच गेलं, आणि त्या दिवसांत तुम्ही आपणहून फोन करून धीर देत राहिलात.

2019 च्या महापुरात घराघरांतून साप काढून सोडणारा माणूस रात्री-अपरात्री माझ्या एका सापासाठी फोन उचलत होता. पैशाचं विचारलं तर रागावलात.

वजनाची वही चालू ठेवली आहे. पुढच्या थंडीत तो पुन्हा उपाशी बसला, तर आधी काटा बघेन, मग तुम्हाला फोन करेन. आईनं तुम्हाला जेवायला बोलावलंय. कृष्णाकाठची वांगी आणि भाकरी, नक्की या.

तुमची,
विश्रामबागची पोरगी, सांगली