परवान्याच्या छोट्या पिस्तुलांची निगा कोण राखणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका २०२४ साली झाल्या. त्या वर्षी कोकणातील कितीतरी परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात दोनदा जमा करावी लागली. त्या व्यवस्थेला माझा विरोध नाही. मी स्वतः पोलीस दलात २६ वर्षे आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून काम केले आहे आणि निवडणुकीच्या काळात शस्त्रे घराबाहेर राहणेच योग्य, असे मानतो. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला लागला. अडीच-तीन महिन्यांच्या दमट उन्हाळ्यानंतर, पाऊस तोंडावर आलेला असताना शस्त्रे परत मिळाली. त्यानंतर ओळखीच्या काही मंडळींनी आपली पिस्तुले मला दाखवली. एक पिस्तूल चामडी म्यानासकट जमा केलेले होते. चामडे ओलावा धरून ठेवते, त्यामुळे स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) एका बाजूवर म्यानाच्या शिवणीचा ठसा गंजाने उमटला होता. स्लाइड मागे ओढल्यावर ती अर्ध्यातच अडकून राहिली. परवानाधारकाला याचा पत्ता नव्हता, कारण त्याने ते गेल्या सहा वर्षांत एकदाही चालवले नव्हते.

आपल्याकडे खासगी परवान्यावर असलेली पिस्तुले बहुतेक .३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) असतात. खासगी आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाल्यामुळे कोल्ट, ब्राउनिंग, वेब्ली अँड स्कॉट अशा विदेशी बनावटीची वडिलोपार्जित पिस्तुले आजही वापरात आहेत. कोल्टचे १९०३ सालचे खिशात मावणारे पिस्तूल १९४५पर्यंत बनत होते, म्हणजे त्यातले सर्वांत नवेसुद्धा आता किमान ८० वर्षांचे आहे. ही जुनी पिस्तुले सिंगल अ‍ॅक्शन आहेत. स्लाइड मागे ओढली की आतला घोडा किंवा स्ट्रायकर (काडतुसावर ठोका देणारा भाग) चढतो आणि चापाकडे तो सोडण्याचे एवढेच काम उरते. म्हणून काडतूस फुटले नाही, तर पुन्हा चाप ओढून काहीही होत नाही. स्लाइड ओढून पुढचे काडतूस आत घ्यावे लागते. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरची, म्हणजे चाप ओढला की घोडा चढून पडतो अशा शस्त्राची, सवय असलेल्या माणसाला हा फरक ऐन वेळी कळतो. त्यामुळे अशा पिस्तुलाची निगा रिव्हॉल्व्हरपेक्षा अधिक काटेकोरपणे घ्यावी लागते.

माझ्या अनुभवात पिस्तूल अडकण्याचे सर्वांत मोठे कारण मॅगझीन, म्हणजे काडतुसे भरायची डबी, असते, आणि नेमकी त्याचीच सर्वांत कमी काळजी घेतली जाते. मॅगझीन एकदा फरशीवर पडले तरी त्याचे वरचे दुमडलेले ओठ किंचित वाकतात आणि काडतूस चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या) तोंडाशी चुकीच्या कोनात येऊन अडते. .३२च्या काडतुसाची आणखी एक खोड आहे. १८९९च्या सुमारास पहिल्या ब्राउनिंग पिस्तुलासाठी ते तयार झाले तेव्हापासून त्याच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड आहे. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की वरचे काडतूस पुढे सरकत नाही आणि पिस्तूल अशा रीतीने जाम होते की मॅगझीन काढून काडतुसे पुन्हा भरल्याशिवाय सुटका नसते. लांबीने आखूड काडतुसे वापरली, तर मॅगझीनमध्ये मागेपुढे सरकायला जागा राहते आणि हा धोका वाढतो. म्हणून भरताना प्रत्येक कड खालच्या कडेच्या पुढे बसली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. दोन मॅगझीन असतील तर त्यांवर खुणा कराव्यात, म्हणजे बिघाड कोणत्या मॅगझीनमध्ये आहे ते ओळखता येते.

दुसरे कारण स्प्रिंग. या पिस्तुलांत गोळी सुटताना चेंबर बंद ठेवणारे वेगळे कुलूप नसते. स्लाइडचे वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा (मागे गेलेली स्लाइड पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा) जोर यांवरच सगळे अवलंबून असते. ७०-८० वर्षांची स्प्रिंग मऊ पडली की स्लाइड मागच्या बाजूला जोराने आदळते आणि पुढे येताना पूर्ण बंद होत नाही. फायरिंग पिनच्या वाटेत साचलेले घट्ट तेल आणि घोड्याची थकलेली स्प्रिंग यांमुळे काडतुसाच्या टोपीवर (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या भागावर) ठोका हलका बसतो. अशा वेळी दोष काडतुसाला दिला जातो. काडतुसेही अनेकदा दहा-पंधरा वर्षांची असतात हे खरे, आणि ती दमट कपाटात राहिलेली असतील तर बदललीच पाहिजेत.

येथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. बरेच जण पिस्तूल ‘सुधारून’ द्या म्हणतात, आणि सुधारणा म्हणजे चाप हलका करणे, अशी त्यांची समजूत असते. सिंगल अ‍ॅक्शन पिस्तुलाचा चाप मुळातच कमी अंतर सरकतो. त्यात चढलेला घोडा अडवून धरणारी खाच कोणी घासली, तर पिस्तूल नुसते टेबलावर आपटले तरी गोळी सुटू शकते. कोल्टच्या १९२६च्या सुमाराआधीच्या पिस्तुलांत मॅगझीन बाहेर काढल्यावरही चेंबरमध्ये राहिलेले काडतूस चाप ओढल्यास उडते, आणि घरात पिस्तूल पुसायला घेणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. आधी मॅगझीन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे. हा क्रम कधीही बदलू नये. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो, हे गावातल्या लेथवाल्याकडे पिस्तूल नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

परवानाधारकाने स्वतः करायचे काम थोडे आहे: चालवल्यानंतर नळीत फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) ओढून चिंदीने ती कोरडी करणे, चेंबर आणि एक्सट्रॅक्टरची (रिकामे काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाची) नखी साफ ठेवणे, स्लाइडच्या खाचांत तेलाचा पातळ हात देणे आणि पिस्तूल म्यानाबाहेर, कोरड्या कापडात ठेवणे. तेल जास्त झाले तर त्यात धूळ बसते आणि काडतुसाच्या टोपीत उतरले तर काडतूसही बाद होते.

बाकीचे काम प्रशासनाचे आहे. शस्त्र अधिनियमातील २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र समोर येते, तेव्हा त्याचा क्रमांक जुळवला जातो. ते सुस्थितीत आहे का, हे पाहण्याची तसदी मी क्वचितच घेतलेली पाहिली. आता ती संधी पाच वर्षांतून एकदाच येते, म्हणून त्याच दिवशी जिल्हा पोलिसांच्या आर्मररने स्प्रिंग, मॅगझीन आणि सेफ्टी तपासून लेखी शेरा द्यावा. निवडणुकीत शस्त्र जमा करून घेताना ते रिकामे, तेल दिलेले आणि म्यानाबाहेर असल्याची नोंद पावतीवर व्हावी. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार नव्या अर्जदाराला जे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्यात त्याच्या हातून पिस्तूल खोलून, पुसून पुन्हा जोडून घ्यावे. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यापूर्वी असे तपासणी शिबिर कोणी भरवले, तर मी माझी हत्यारांची पेटी घेऊन विनामोबदला येईन.

आपला,
एक निवृत्त आर्मरर, रत्नागिरी