डोंगरीचं कापड

मँचेस्टर,
रविवार

ती. आई आणि आण्णा यांना सा. न.

मी मजेत आहे. खोकला गेला. भाकरी जमत नाही, पण भात-आमटी रोज करते, उपाशी झोपत नाही.

आई, तुझा परवाचा राग काही मनातून जात नाही. फोटोतले कपडे बघून म्हणालीस, "कारखान्यातल्या कामगारासारखं काय घातलंयस? सांगलीच्या पाहुण्यांनी बघितलं तर?" अगं, त्या दिवशी खोलीला रंग देत होते. छातीवर फडका, खांद्यावरून दोन पट्टे, पुढं मोठा खिसा. सुमीला पहिल्या वाढदिवसाला घेतलेली डंगरी आठवते ना, तीच, फक्त माझ्या मापाची. इथं बायका ती सर्रास घालतात. दुसऱ्या महायुद्धात शेतं सांभाळणाऱ्या इथल्या मुलींनीही घातली होती. त्यात वावगं काही नाही.

आणि हा शब्द आपलाच आहे. आण्णा, हे खास तुमच्यासाठी. इंग्रजीतला 'डंगरीज' म्हणजे मुंबईची डोंगरी! १८८२ साली टिळक-आगरकरांनी जिथल्या तुरुंगात १०१ दिवस काढले, तीच. डोंगरावरून डोंगरी. तिथं एक जाडंभरडं सुती कापड विकायला यायचं, म्हणून कापडाचंच नाव डुंगरी पडलं. सतराव्या शतकापासून ते इंग्रजांच्या तोंडी आहे. उभ्यालाही आणि आडव्यालाही दोन-दोन धागे एकत्र घेऊन विणायचे, म्हणजे किती दणकट असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याची गलबतांची शिडं व्हायची, तंबू व्हायचे, गरिबाचे कपडे व्हायचे. पुढं खलाशी आणि कामगार ते घालू लागले आणि कापडाचं नाव कपड्याला चिकटलं. अमेरिकेत तर जीन पँटलाही डंगरीज म्हणत. डेनिम फ्रान्समधल्या नीम गावाचं, जीन्स इटलीतल्या जिनोआची, तशी डंगरी आपल्या डोंगरीची. रेल्वेच्या वर्कशॉपमधले काका 'डांगरी' घालायचे, ती हीच. आपलं नाव सातासमुद्रापार जाऊन परत आपल्याच घरात आलं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

इथल्या कपड्यांच्या नावांचं मात्र एक अवघड आहे. पँट म्हणायचं नाही. इथं पँट म्हणजे आतली चड्डी. वरून घालतो ती ट्राउझर्स. व्हेस्ट म्हणजे आपलं बनियन, पण अमेरिकेत व्हेस्ट म्हणजे सुटाच्या आतलं जाकीट. स्वेटरला जंपर. पहिल्या आठवड्यात मी पावसात भिजून कामावर गेले आणि "माझी पँट ओली झालीय" असं वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सांगितलं. ती बिचारी मला हळूच बाजूला घेऊन गेली, कोरडे आतले कपडे आणून देऊ का म्हणाली. तिची माया बघून मला तुझीच आठवण झाली. सुमी इकडं आलीच, तर तिला हे आधी नीट समजावून सांगा. पँट नाही, ट्राउझर्स.

आण्णा, इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात असं तुम्ही सांगायचात. इथल्या म्युझियममध्ये जुने माग चालवून दाखवतात. मागच्या महिन्यात गेले होते. धोट्याचा खाडखाड आवाज सुरू झाला आणि मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ तिथंच उभी होते.

या महिन्यात चाळीस हजार पाठवलेत. कर्जाचा हप्ता त्यातूनच जाऊ दे. उरलेले आण्णांच्या डोळ्यासाठी, घराच्या पत्र्याला लावू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका. दोनदा अर्ज केला, दिवाळीपर्यंत रजा नाही म्हणतात. मला यायचं नाही असं मनात आणू नका.

आणि आई, सांगलीच्या स्थळाला अजून होकार देऊ नकोस. नाही म्हणत नाही मी, पण फोनवर बघून ठरवणं मला जमणार नाही. सुमीला चांगलं स्थळ आलंय, तर तिचं आधी करा. थोरली राहिली म्हणून तिला अडवू नका. तिच्या शालूचे पैसे मी वेगळे ठेवलेत.

आण्णांच्या डोळ्याची पट्टी सोडतील तेव्हा व्हिडिओ कॉल लावा. इथं पहाट असली तरी चालेल, मी जागी असेन.

तुमची लेक